आरामाची बाज कोणी विणायची? नागपुरातील एका कलाप्रकल्पाचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातील विणकरांच्या एका जुन्या वस्तीत काम करणाऱ्या स्त्री-संस्थेने वस्त्रकलेचे शिक्षण घेतलेल्या एका कलावतीसोबत केलेल्या प्रकल्पाचे हे प्रकरण आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून संस्था, वस्ती आणि व्यक्ती यांचे तपशील बदलले आहेत. प्रकल्पाचा विषय होता बायकांचा आराम आणि त्यांची निगा, आणि माध्यम होते विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले नैसर्गिक धागे. नोव्हेंबर ते मार्च असा कालावधी ठरला होता आणि ८ मार्चच्या आठवड्यात सिव्हिल लाइन्समधील एका खासगी कलादालनात प्रदर्शन भरवायचे होते. खर्च एका न्यासाच्या अनुदानातून होणार असल्यामुळे ३१ मार्चपूर्वी हिशेब सादर करणे बंधनकारक होते. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका तारखेभोवती फिरल्या.

सहभागी सोळा जणींपैकी निम्म्याहून अधिक धुणी-भांडी आणि स्वयंपाकाची कामे करणाऱ्या होत्या. दोघी इस्पितळात पेशंटजवळ बसण्याच्या पाळ्या करत, तिघी घरी शिलाई करत, एक बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना मालिश करणाऱ्या मावशी होत्या आणि सर्वांत वडील होत्या त्या कोष्टी घरातल्या आजी. आजींचा नवरा आणि दीर मागावर बसत आणि आजी त्यांच्यासाठी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरून देत. मागावरच्या लुगड्याची मजुरी मागावर बसणाऱ्याच्या हातात पडे, कांड्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केल्यापासून या शहरात हातमाग आणि गिरणी शेजारीशेजारी नांदले, त्यामुळे वस्तीतल्या जुन्या घरांत गिरणीचा भोंगा, पाळी आणि सुट्टी यांच्या आठवणी अजून निघतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार कामगाराला सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नसे, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागे. त्याच कामगाराचा डबा भल्या पहाटे उठून भरणाऱ्या बाईला हा नियम अर्थातच लागू नव्हता. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे त्या कामात जातात असे दिसले, तर ते काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे निघाली. घरातल्यांची निगा राखण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोजला आहे.

कलावतीची मूळ कल्पना बाळंतिणीच्या बाजेची होती. आपल्याकडे बाईला उघडपणे, कोणाच्या कपाळावर आठी न पडता, दिवसाढवळ्या पडून राहण्याची मुभा मिळते ती बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात, आणि तीही बहुधा पहिलटकरणीला, माहेरी. बाजेची वीण मोकळी असते. खाली शेगडी ठेवली की तिचा शेक विणीतून पाठीपर्यंत पोहोचतो, आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी दिली जाते. कोंदट खोलीतल्या त्या धुराला डॉक्टर आता मनाई करतात. पण बाजेवर टेकलेली पाठ आणि हातात आयता मिळणारा डिंकाचा लाडू एवढे तरी बहुतेकींच्या स्मरणात असेल, असे कलावतीने गृहीत धरले होते. पाच बाजा विणायच्या, त्यांचा दोर बायकांनी स्वतः वळायचा आणि वळताना आपापल्या आरामाच्या आठवणी सांगायच्या, असा प्रस्ताव न्यासाने मंजूर केला.

धाग्यांची निवड

धागे ठरवताना बैठकीत जी चर्चा झाली ती पुढच्या सगळ्या प्रकल्पाहून मोकळी होती असे नोंदींवरून दिसते. कापूस तर हवाच होता. सहभागी बायकांपैकी काहींनी लग्नाआधी गावाकडे कापूस वेचला होता आणि कमरेला बांधलेल्या फडक्यातले वजन संध्याकाळी किलोवर मोजून घेतले होते. कलावतीने सेवाग्रामहून टकळ्या आणि सूत कातायचे पेळू आणले. टसर, म्हणजे इथल्या बोलीतला कोसा, भंडारा आणि गडचिरोलीकडचा म्हणून घ्यावा असे तिच्या मनात होते, परंतु त्याची किंमत ऐकून आणि "कोसा पूजेचा असते, त्यावर निजाचं कसं?" असा प्रश्न आल्यावर तो विषय तिथेच मिटला.

खरी पसंती अंबाडीला मिळाली. पावसाळ्यात ज्वारीच्या कण्या घालून जिची आंबट भाजी होते, तीच अंबाडी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून थंडीपर्यंत पुरुषभर वाढते. मग तिचे ताट कापून पेंढ्या डबक्यात दगडाखाली बुडवून ठेवतात. साल पुरती कुजून सुटी झाली की ती ओढून, धुऊन, वाळवून तिचा वाख करतात. बैलाची वेसण, मोरखी, कासरा, दावे हे सारे अशाच वाखाचे असत, बाजारात नायलॉनचा दोर येईपर्यंत. हे काम बहुधा गड्यांचे, आणि दोरखंड वळण्याचा परंपरागत व्यवसाय मातंग समाजाचा. वस्तीतल्या बायकांना भाजी ठाऊक होती, दोर वळण्याचा सराव मात्र फारच थोड्या जणींना होता. ही बाब बैठकीच्या इतिवृत्तात एका ओळीत नोंदली गेली आणि वेळापत्रक आखताना कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही.

वाळा आजींनी सुचवला. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी कूलरची ताटी ओली करून त्यासमोर घटकाभर आडवे होणे हाच इथला परवडणारा आराम असतो. कूलर येण्याआधी खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत, आणि पाणी मारायला उठावे लागे ते बाईलाच, असेही आजींनी लगेच जोडले.

अडचण कशी पुढे आली

बैठका आठवड्यातून दोनदा, दुपारी दोन ते चार या वेळेत होत आणि प्रत्येक बैठकीचे मानधन मिळे. एका बैठकीत एका बाईच्या हातून जेमतेम दहा-बारा हात दोर वळून होई. पाच बाजांचा हिशेब त्या वेगाने मार्चपर्यंत बसणार नाही हे डिसेंबरच्या अखेरीस स्पष्ट झाले, आणि तरीही जानेवारीत दोराच्या लडी अपेक्षेपेक्षा भराभर वाढू लागल्या. संस्थेच्या संयोजिकेला प्रथम समाधान वाटले. पुढे एका शिलाईवाल्या ताईच्या तळहाताला पट्टी दिसली, दुसरीच्या बोटांच्या पेरांवर चिरा दिसल्या, तेव्हा चौकशी झाली. बायका वाख घरी नेत होत्या आणि रात्रीची जेवणे, भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे आटोपून अकरा-साडेअकरापर्यंत दोर वळत बसत होत्या. कोणी सांगितले नव्हते. प्रदर्शनाची तारीख जवळ आली आहे, ताईंचे काम अडू नये, एवढीच भावना त्यामागे होती, आणि आपल्यामुळे काम मागे पडले असे म्हणवून घेण्याची धास्तीही होती. मालिशवाल्या मावशी एका बैठकीत भिंतीला टेकून म्हणाल्या, "हे आरामाचं काम लय थकवते जी ताई." सगळ्या हसल्या, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीने ते वाक्य शब्दशः उतरवून घेतले. संयोजिकेच्या मते प्रकल्पाची दिशा बदलली ती या वाक्यामुळे.

दुसरी अडचण बोलण्यातून वर आली. बाजेच्या आठवणी सांगा म्हटल्यावर पहिल्या बाळंतपणाच्या दोन-तीन छान आठवणी निघाल्या आणि झरा आटला. दुसऱ्या बाळंतपणाला आई थकलेली होती किंवा वारलेली होती, थोरले पोर पायात घुटमळत होते, बाराव्या दिवसानंतर चूल हातात आली होती. एकीची पिशवी काढली होती. सहा आठवडे वजन उचलू नका असे डॉक्टरांनी बजावले असताना, ती तिसऱ्या आठवड्यात कामावर गेली होती, कारण मालकिणीने दुसरी बाई पाहायला सुरुवात केली होती. मालिशवाल्या मावशींनी तर शेकडो बाळंतिणी न्हाऊ-माखू घातल्या होत्या, पण स्वतःच्या वेळी त्या दोन घरांची मालिश आटोपून घरी आल्या आणि त्याच रात्री बाळंत झाल्या. त्यांच्या पाठीला तेल लावायला कोणी आले नाही. मूल नसलेली एक सहभागी बाजेचा विषय निघाला की गप्प होई. जानेवारीच्या मध्यावर तिने येणेच थांबवले.

माझ्या मते ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा खोल होती. रात्री दोर वळणे थांबवता येते. बाईच्या विश्रांतीला बाळंतपणाचेच कारण लागते ही चौकट मात्र प्रस्तावातच घट्ट विणली गेली होती, आणि ज्या बाईला ते कारण नाही तिला त्या बाजेवर जागा नव्हती.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कलावती, संयोजिका, संस्थेच्या कोषाध्यक्ष आणि बायकांनी निवडलेल्या तिघी अशी बैठक झाली. प्रदर्शन पुढे ढकलण्याचा विचार आधी झाला, पण दालनाचे आरक्षण आणि ३१ मार्चची मुदत यांमुळे तो फार काळ टिकला नाही.

खरा वाद झाला तो घरी केलेल्या कामाला दोराच्या हातागणिक दर देण्याच्या पर्यायावरून. तो स्वतः बायकांनी मांडला होता. जे काम आपण फुकट करतोच आहोत त्याचे पैसे मिळाले तर वाईट काय, हा त्यांचा सवाल रास्त होता, आणि तिघींपैकी दोघी त्यावर ठाम होत्या. एकीच्या मुलाची शिकवणीची फी थकली होती. संयोजिकेचा विरोध अनुभवातून आलेला होता. विड्या वळणे, फॉल-पिको, पापड अशी दरावरची घरकामे तिने वस्तीत वर्षानुवर्षे पाहिली होती. दर ठरला की रात्र लांबते, मग पोरीही हाताशी घेतल्या जातात आणि शेवटी दर उतरतो. तिचे म्हणणे बरोबर होते, तरीही नोंदवून ठेवावे लागेल की या बैठकीत आरामाच्या बाजूने बोलणाऱ्या दोघींना महिन्याचा पगार होता आणि पैशाच्या बाजूने बोलणाऱ्यांना नव्हता.

तयार दोर विकत घेण्याच्या पर्यायाला कलावतीचा आक्षेप होता. बायकांच्या हातचा दोर हा तिच्या दृष्टीने कलाकृतीचा गाभा होता आणि न्यासाला दिलेल्या प्रस्तावात तसे लिहिलेले होते. भारतात या माध्यमात मोठे काम झालेले आहे. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी सणाच्या, म्हणजे तागासारख्या वाखाच्या, रंगवलेल्या दोरांना गाठी मारून माणसाच्या उंचीहून मोठी शिल्पे उभी केली. त्या परंपरेत हाताला लागलेला वेळ कलाकृतीत दिसावा अशी अपेक्षा असते, आणि ती योग्यही आहे. इथे फरक असा की वेळ कलावतीचा खर्ची पडत नव्हता. उलट बाजूने असाही मुद्दा आला की दुसऱ्याकडून दोर घेतला म्हणजे आपला शीण आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला. त्यावर आजींचे उत्तर नेमके होते: ज्याचा तो धंदा आहे तो दिवसा वळतो आणि दाम घेतो, आपण रात्री वळतो आणि दाम सांगायला लाजतो.

निर्णय आणि अंमलबजावणी

ठरले ते असे. पाचाऐवजी दोनच बाजा पूर्ण करायच्या, तिसरी जेवढी होईल तेवढी अर्धवट मांडायची. उरलेला दोर उमरेडकडच्या, पिढीजात दोर वळणाऱ्या एका कुटुंबाकडून त्यांनी सांगितलेल्या भावाने घ्यायचा आणि त्यांच्या संमतीने त्यांचे नाव प्रदर्शनाच्या फलकावर इतरांच्या बरोबरीने लावायचे. वाख खोलीबाहेर जाणार नाही. तो कपाटात राहील आणि किल्ली आजींकडे. मानधन दोराच्या लांबीवर न ठरता हजेरीवर राहील आणि थोडे वाढेल. शिकवणीच्या फीसाठी बचत गटातून कर्ज दिले गेले. हा उपाय अपुरा होता आणि त्या ताईची नाराजी शेवटपर्यंत गेली नाही.

शेवटचा भाग मालिशवाल्या मावशींच्या आग्रहाने आला: दोन तासांच्या बैठकीतला पाऊण तास कोणीही काहीही करायचे नाही, आडवे व्हायचे, आणि त्याचेही मानधन धरायचे. त्यासाठी बदलीची सोय केली. गिरणीत खाडा पडला की बदली कामगार उभा राहत असे, तसेच ज्या घरी अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे किंवा लहान मूल होते तिथे त्या दोन तासांपुरती पगारी बाई पाठवली गेली. अनुदानातील चहा-पान, छपाई आणि उद्घाटन यांचे पैसे कापून हा खर्च भागवला. कोषाध्यक्षांना पेच पडला तो वेगळाच, की झोपण्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली लिहायचे. न्यासाला पत्र लिहून विचारण्याचे धाडस झाले नाही आणि हिशेबात "कार्यशाळा उपस्थिती" अशी नोंद झाली.

पहिल्या चार-पाच बैठकांत कोणालाही झोप लागली नाही. बायका सतरंजीवर पडून मोबाईल पाहत, पाचव्या मिनिटाला कोणीतरी उठून चहाचे कप विसळायला घेई, एक जण दाराजवळच्या चपला नीट लावून ठेवी. शेवटी कप विसळण्याचे काम कलावतीने आणि संयोजिकेने स्वतःकडे घेतले, तेव्हा बायकांना ते पाहवेना आणि आणखी दोघी उठल्या. एकीने कारण सांगितले, "घरी दिवसा निजली तर सासू म्हणते, काऊन व, बरं नाही वाटत का? आजारी नसल्यावर निजाचं कसं थे माहीतच नाही मले." बदलीची बाई घरी पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय कोणी पाठ टेकत नाही, हे लक्षात आल्यावर तो फोन बैठकीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर घेतला जाऊ लागला. फेब्रुवारीच्या मध्यावर खोलीत घोरण्याचा पहिला आवाज आला, तो मावशींचा.

बाजेचा विषय रुंद करण्यासाठी आठवणींचा प्रश्नही बदलला. "बाळंतपणात आराम कसा मिळाला" याऐवजी "तू शेवटची कधी, कोणाच्या भरवशावर पडून राहिलीस" असे विचारले गेले. प्रश्न बदलल्याचा निरोप गेल्यावर मूल नसलेली ती सहभागी परत आली आणि वाळ्याच्या ताटीचे काम तिने अंगावर घेतले.

प्रदर्शन आणि त्यानंतर

दालनात दोन बाजा पूर्ण, तिसरी निम्मी विणलेली, तिच्या चौकटीला लोंबणारा दोर आणि खिडकीच्या मापाची वाळ्याची ताटी अशी मांडणी झाली. पाणी फरशीवर ठिबकेल म्हणून दालनाने ताटी ओली करण्यास नकार दिला, आणि कोरड्या वाळ्याला गंध जेमतेमच. अखेर खाली परात ठेवून दिवसातून दोनदा पाणी शिंपडण्याची परवानगी मिळाली. "हात लावू नये" ही पाटी एका बाजेपुरती काढण्यावर मात्र कलावती अडून बसली. पाहुण्यांमधले तरुण त्या बाजेवर झोपून फोटो काढून घेत, वयस्क बायका काठावर टेकत आणि लगेच उठत. सततच्या वापराने बाज तिसऱ्या दिवशी ढिली पडली. मावशींनी पायथ्याचा दोर ओढून ती पुन्हा कसली, आणि पाहणाऱ्यांनी तो प्रयोगाचा भाग समजून टाळ्या वाजवल्या. मावशींना ते आवडले नाही.

सहभागी बायकांच्या घरांत मोठा फरक पडला असे म्हणता येत नाही. बदली थांबल्यावर दुपारच्या पाऊण तासाचा आराम बहुतेकींचा संपला. एका घरी मुलगा रात्रीची भांडी घासू लागला आणि ते टिकले. धुणी-भांडी करणाऱ्या एकीने मालकिणीकडे चार रविवार मागून दोन पदरात पाडून घेतले. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ पासून आहे, परंतु तो मंडळ आणि कल्याणकारी लाभ यांच्यापुरता असल्याने साप्ताहिक सुट्टी अजूनही दोघींच्या बोलणीवर ठरते. संस्थेने आपल्या इतर कार्यक्रमांच्या अंदाजपत्रकांत बदलीचा खर्च धरायला सुरुवात केली, हा संस्थेपुरता टिकलेला बदल.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत आधी वेळेचा हिशेब करता आला असता. राष्ट्रीय सर्वेक्षणात माणसाच्या चोवीस तासांची अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारपूस होते. तशीच साधी वही सोळा जणींसोबत एक आठवडा भरली असती, तर दुपारी दोन ते चार ही वेळ किती जणींची खरोखर मोकळी आहे आणि रात्रीत किती भर टाकली तर ती फुटेल, हे प्रस्ताव लिहिण्याआधीच कळले असते. वाखाचे प्रमाण त्यावरून ठरायला हवे होते. इथे बाजांची संख्या आधी ठरली आणि बायकांचे हात त्या संख्येला पुरवले गेले.

दोर वळणाऱ्या कुटुंबाला नोव्हेंबरातच बोलावले असते तर वाख भिजवून मऊ करणे, पीळ किती द्यावा, हात कसे वाचवावेत हे सगळे वेळेवर शिकता आले असते. ते फेब्रुवारीत आले तेव्हा त्यांनी पहिल्याच भेटीत वाख फार कोरडा असल्याचे सांगितले.

दराच्या प्रश्नाचा निर्णय बायकांच्या बहुमताविरुद्ध झाला, ही गोष्ट अहवालात सौम्य शब्दांत झाकली गेली आहे. मला निर्णय पटतो, त्याची पद्धत पटत नाही. मानधन पहिल्यापासून पुरेसे असते तर हा पर्याय कदाचित पुढे आलाच नसता. फलकावरच्या मजकुराबद्दलही असेच. प्रश्न बदलला, वाळ्याची ताटी आली, तरी फलकावर "मातृत्वाचा विसावा" हे प्रस्तावातले शब्द तसेच छापले गेले, कारण छपाईला मजकूर आधीच गेला होता.

पुरुषांना प्रकल्पात कुठेच जागा नव्हती. बदली म्हणून सगळीकडे बाईच पाठवली गेली, आणि तिच्या स्वतःच्या घरी त्या वेळी कोण होते हे विचारले गेले नाही.

बाजांची मालकी कोणाची, याबाबत करारात एक शब्दही नव्हता. कलावतीला त्या पुढच्या प्रदर्शनासाठी हव्या होत्या, एका संग्राहकाने अर्धवट बाजेला किंमतही सांगितली. बऱ्याच बोलाचालीनंतर अर्धवट बाज कलावतीकडे गेली, तिच्या विक्रीतला निम्मा वाटा सोळा जणींत आणि दोर वळणाऱ्या कुटुंबात वाटायचा असे लेखी ठरले, आणि पूर्ण झालेल्या दोन बाजा वस्तीच्या समाजमंदिरात ठेवल्या गेल्या. बाळंतीण, ऑपरेशन झालेली बाई किंवा नुसतीच थकलेली बाई, कोणीही वहीत नाव लिहून त्या घरी न्यायच्या असा नियम केला आहे. वापराने दोर सैल होतो, म्हणून दर दोन महिन्यांनी बाज कसण्याची मजुरी संस्थेच्या खर्चात धरली आहे, आणि ती दोर वळणाऱ्या त्याच कुटुंबाला दिली जाते.